भेट नको, हजेरी हवी

परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळांचे वार्षिक अहवाल ज्यांनी नेमाने वाचले असतील, त्यांना त्यांतील एक वाक्य पाठ झालेले असेल. गणेशोत्सव झाला, कोजागरी झाली, नाट्यप्रयोग झाला, हळदीकुंकू झाले; आणि मग तिळगूळ व स्नेहभोजन यांच्यामध्ये कोठेतरी ते वाक्य येते : 'मंडळाच्या सभासदांनी ग्रामीण भागातील एका बालवसतिगृहास भेट देऊन तेथील मुलांस फळे, मिठाई व ब्लँकेटे वाटली.' सोबत छायाचित्र. मागे रांगेत मुले, पुढे खुर्च्यांवर आम्ही. असली वाक्ये लिहिण्याचे काम मंडळात बहुधा कारकुनाकडे येते. आम्ही कारकूनच असल्यामुळे चार वर्षे ते आमच्याकडे होते. पाचव्या वर्षी ते वाक्य लिहिण्यास आम्ही नकार दिला. काही ज्येष्ठ सभासदांस तो नकार उद्धटपणाचा वाटला. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु नकाराची कारणे चहाच्या कपाबरोबर सांगून संपण्यासारखी नव्हती, म्हणून ती येथे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलांच्या वसतिगृहास भेट देणे ही सेवा नव्हे; पुष्कळदा तो उपद्रवच असतो. ज्यांना खरोखर काही करावयाचे असेल, त्यांनी पाहुणे म्हणून जाणे सोडून पाळीवर जाण्यास शिकले पाहिजे.

प्रथम हे 'आम्ही' कोण, ते सांगणे बरे. आम्ही म्हणजे इंदुरातील एका केंद्रीय कार्यालयातील तीन उच्च श्रेणी लिपिक व आमच्यापैकी एकाची पत्नी, अशी चार माणसे. चौघेही पदवीधर, चौघेही तिशीतले, आणि चौघांनाही आपण बरेच काही जाणतो अशी समजूत असलेले. मंडळाच्या भेटीनिमित्त पाहिलेले एक वसतिगृह मनात राहिले होते. तेव्हा एका जानेवारीत अर्जित रजेचे पंधरा दिवस टाकून तेथे स्वयंसेवक म्हणून राहावे, असे आम्ही ठरविले. हे वसतिगृह अलीराजपूर जिल्ह्यात आहे. २००८ पर्यंत हा मुलूख झाबुआ जिल्ह्यातच मोडत असे. एक सेवाभावी मिशन ते चालविते. मिशनाचा पंथ कोणता, हा या लेखाचा विषय नव्हे. गावाचे नावही आम्ही मुद्दामच देत नाही. दिले तर पुढच्या रविवारी तेथे दोन मोटारी जाऊन उभ्या राहतील.

वसतिगृहात साठाच्या आतबाहेर मुले आहेत. मुलग्यांची व मुलींची राहण्याची व्यवस्था निराळी. पाहुणे त्यांना सरसकट 'अनाथ' म्हणतात. मुले हा शब्द ऐकतात, आणि त्यांतील मोठी मुले तो विसरत नाहीत. वस्तुतः यांतील बहुतेकांना आईबाप आहेत. ते भिल शेतकरी आहेत. पावसाळ्यात डोंगरउतारावर मका, उडीद, थोडी कपाशी पिकवावी. दिवाळी झाली की घराला काठी लावून सहकुटुंब गुजरातेत मजुरीस जावे. सुरत-अहमदाबादच्या बांधकामांवर विटा-रेती वाहावी. आणि होळीपूर्वी भगोरियाचे हाट भरू लागले की परत यावे, असा त्यांचा वर्षक्रम. मूल बरोबर नेले तर त्याची शाळा सुटते. मागे ठेवले तर घर सुटते. या दोहोंतून निवड करणाऱ्या बापाने जड हाताने मुलाला वसतिगृहाच्या फाटकाशी आणून सोडलेले असते. अशा बापाच्या हयातीत त्याच्या मुलास अनाथ म्हणणे, ही आमच्या दयाबुद्धीची पहिली चूक होय.

आता तेथील दिवस कसा जातो ते पाहावे. पहाटे पाचला घंटा होते. त्याही आधी काकी उठलेली असते. काकी म्हणजे वसतिगृहाची स्वयंपाकीण. परंतु बावीस वर्षे तेथे असल्यामुळे ती स्वयंपाकाखेरीज सर्व काही झालेली आहे. लहान मुलांपैकी ज्याचे अंथरूण रात्री ओले झाले असेल, त्याची गोधडी ती इतर मुले जागी होण्यापूर्वीच उचलून नेते. ती कोणाची, हे कधी कोणाला कळत नाही. मग हापशावर रांग, झाडलोट, स्नाने, सातला प्रार्थना, साडेसातला पोहे किंवा दलिया. त्यानंतर नखे, कान, केस. उवांच्या फणीचे काम आमच्यातील चौथ्या सभासदाकडे आले. ते अर्ध्या तासाचे असेल अशी तिची कल्पना होती. ते पंधरा दिवसांत संपले नाही. खरजेचे तर त्याहून अवघड. एका मुलाला मलम लावून उपयोग नसतो. एकाच रात्री सर्व मुलांना गळ्यापासून पायांपर्यंत लावावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्यांचे कपडे व अंथरुणे गरम पाण्यातून काढावी लागतात. एक चादर राहिली तरी महिन्याभरात खरूज पुन्हा साऱ्या खोलीभर होते. आठवड्यातून एकदा लोहाची गोळी; फेब्रुवारीत व ऑगस्टात जंतांची. गोळी दिली की तोंड उघडून पाहावे लागते, कारण ती गालात दडविण्याची कला प्रत्येक मुलास उपजतच असते.

मुले शाळेस गेली की निवांतपणा मिळेल, असे आम्हांला वाटले होते. तेव्हा तर खरे काम सुरू होते. धान्य निवडणे, दुकानदाराचे बिल पडताळणे, गळके कौल बदलणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे. एका मुलाचे नाव आधारपत्रावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरेच. त्यामुळे त्याची शिष्यवृत्ती दोन वर्षे अडलेली होती. संध्याकाळी खेळ, मक्याची भाकर व डाळ, दीड तास अभ्यास, नवाला हजेरी. रात्री अकराला व दोनला एक फेरी. कोणाचे पांघरूण सरकले आहे, कोणाचा श्वास जोराने चालला आहे, कोण जागा राहून छताकडे पाहत आहे, ते पाहण्यासाठी. या साऱ्या दिवसात छायाचित्र घेण्यासारखा एकही क्षण नसतो. आणि तो दिवस वर्षातून तीनशे पासष्ट वेळा येतो.

येथे आम्हांला आमच्याच एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. ती दिल्याखेरीज दुसऱ्यांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही.

चौथ्या दिवशी सकाळच्या स्नानांची देखरेख आमच्याकडे आली. थंडी कडाक्याची होती. दहा वर्षांचा एक मुलगा चुलीकडे पाठ करून बसला होता आणि केल्या उठत नव्हता. आम्ही त्यास आळशी ठरविले. शिस्त सर्वांस सारखी, असे दोन शब्द सुनावून आम्ही त्यास हौदाच्या गार पाण्याने स्नान करावयास लाविले. तो काही बोलला नाही. दुपारी त्याचे गुडघे दुखू लागले. संध्याकाळी पाय आणि पाठ. रात्री ताप चढला, आणि तो ओठ चावून कण्हू लागला. काकी आली, तिने त्याचे हातपाय चाचपले आणि आमच्याकडे न पाहता विचारले, "इसको ठंडे पानी से किसने नहलाया?"

त्या मुलास सिकलसेलचा आजार होता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात व बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. थंडी, ताप, अतिश्रम, पोटात पाणी कमी जाणे, यांपैकी काहीही वेदनांचा झटका आणावयास पुरे होते. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार इतका पसरलेला आहे की १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानच सुरू करण्यात आले. त्या मुलाने नेहमी कोमट पाण्याने स्नान करावे, दिवसभर पुष्कळ पाणी प्यावे, रोज फोलिक आम्लाची गोळी घ्यावी, हे सर्व वसतिगृहाच्या आरोग्यवहीत तांबड्या शाईने लिहिलेले होते. ती वही आम्हांला कोणी दाखविली नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. पहिल्याच दिवशी अधीक्षकांनी ती आमच्यापुढे ठेवली होती. आम्ही ती चाळून बाजूस सारली. ज्यांचा जन्म दुसऱ्यांच्या फायली वाचण्यात गेला, त्यांनी मुलांची वही तेवढी वाचली नाही. कारण आम्ही तेथे काम करावयास नव्हे, प्रेम करावयास गेलो होतो!

मध्यरात्री जीप मिळाली. जिल्हा रुग्णालयात सलाइन व वेदनाशामक औषध मिळून मुलगा पाचव्या दिवशी परत आला. परत आल्यावर त्याने आम्हांला नमस्कारही केला. त्या नमस्काराने आम्ही जितके खजील झालो, तितके साहेबांच्या कोणत्याही मेमोने कधी झालो नाही.

त्या प्रसंगाने आम्हांला जे शिकविले, तेच या लेखाचे सार आहे. त्या रात्री मुलगा वाचला तो कोणाच्या कळवळ्यामुळे नव्हे. कळवळा आमच्याजवळ भरपूर होता. तो वाचला एका वहीमुळे, आणि ती वही तोंडपाठ असलेल्या व बावीस वर्षे जागचे न हललेल्या एका बाईमुळे.

पुढच्याच रविवारी एका मंडळाची भेट होती. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही; ते आमचेही असू शकले असते. आजवर आम्ही अशा भेटी खुर्चीवर बसून पाहिल्या होत्या. या खेपेस ती मुलांच्या रांगेतून पाहिली. पाहुणे अकराला यावयाचे होते, ते एक वाजता आले. दोन तास मुले गणवेश घालून उन्हात बसली. खुर्च्या मुलांनी वाहिल्या, स्वागतगीत मुलांनी म्हटले, हार मुलांनी घातले. अठरा माणसांचा चहा करण्यात काकीची चूल गुंतली, त्यामुळे मुले तीन वाजता जेवली. भाषणात त्यांना देशाचे भवितव्य म्हणण्यात आले. प्रत्येक मुलाला दोन लाडू मिळाले, आणि लाडू तोंडाशी नेताना हात थांबवून मोबाइलकडे पाहावयास सांगण्यात आले. रात्री सात मुलांची पोटे बिघडली. त्यांची काळजी घ्यावयास पाहुण्यांपैकी अर्थातच कोणी नव्हते.

परंतु याहून एक गोष्ट आमच्या मनाला अधिक लागली. पाहुण्यांतील एका बाईंनी सहा वर्षांच्या एका मुलीस तासभर मांडीवर घेतले. त्यांचे डोळे भरून आले. निघताना त्या म्हणाल्या, "मी पुन्हा येईन हं." त्या बाई दुष्ट नव्हत्या, दांभिकही नव्हत्या. त्या क्षणी त्यांना खरोखर तसेच वाटले असेल. पुढचा रविवार आमच्या मुक्कामातला शेवटचा. त्या दिवशी ती मुलगी न सांगता वेणी घालून फाटकाशी जाऊन उभी राहिली. जेवणाची घंटा झाली तरी हलेना. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "वो फिर कब आएँगी?" पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो, तेव्हा काकीने सांगितले की आणखी दोन रविवार ती तशीच उभी होती, आणि मग तिने उभे राहणे सोडून दिले.

उभे राहणे तिने सोडले, याचे कोणी समाधान मानू नये. वाट पाहणे व्यर्थ असते हा धडा मुलाला सहाव्या वर्षी देणे, ही काही सेवा नव्हे. मुलाला मायेइतकीच त्या मायेच्या सातत्याची गरज असते, ही गोष्ट जॉन बोल्बी या मानसशास्त्रज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात १९५१ सालीच मांडली होती. पण आम्हां बदलीच्या नोकरदारांना त्यासाठी अहवाल कशाला हवा? दर तीन-चार वर्षांनी आम्ही सामानाच्या पेट्या भरतो. आमची मुले नव्या गावी, नव्या शाळेत, नव्या भाषेत मागच्या बाकावर जाऊन बसतात, आणि 'तेथे कोणाशीही मैत्री करणार नाही, कारण परत सोडावीच लागते' असे एखाद्या रात्री अंधारात आईला सांगतात. हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत ऐकले गेले असेल! आमच्या मुलांचे मित्र तीन वर्षांनी बदलतात, तरी आईबाप तेच असतात. ज्या मुलाजवळची मायेची माणसे दर रविवारी बदलतात, त्याने काय करावे?

यावर आक्षेप निघतील. त्यांतील चार आम्ही आधीच ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा की, काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेले बरे. हा नियम लाडवांना लागू असेल, मुलांना नाही. अर्धवट बांधलेला पूल हा पूल नसल्यापेक्षा बरा, असे कोणता अभियंता म्हणेल?

दुसरा आक्षेप : आम्ही वस्तू देतो, त्यांचा उपयोग होतोच. होतो, परंतु वसतिगृहाची साठ्याची वही एकदा पाहावी. एकाच जानेवारीत चार संस्थांची ब्लँकेटे येऊन पडली होती. जुलैमध्ये एकही छत्री नव्हती. पाटीदप्तरे पुष्कळ; साबण नाही. विजेचे बिल, कौलांची दुरुस्ती, स्वयंपाकिणीचा पगार, यांना देणगीदार मिळत नाही, कारण पगाराच्या पाकिटावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. एखाद्या मंडळाने लाडवांऐवजी काकीच्या पगाराचा वर्षाचा वाटा उचलला आणि कोणास सांगितले नाही, तर त्या मंडळाच्या अहवालातील ते न लिहिलेले वाक्य आम्ही सर्वांत मोठे मानू.

तिसरा आक्षेप छायाचित्रांविषयी : प्रसिद्धीमुळे इतरांस स्फूर्ती मिळते. येथे आम्ही एका कायद्याकडे अंगुलिनिर्देश करू, कारण आपण सर्व कायद्याची माणसे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख, त्यात छायाचित्रही आले, प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखादे वसतिगृह या अधिनियमाच्या व्याख्येत बसते की नाही, याचा खल वकिलांनी करावा. आम्ही एवढेच विचारतो : आपल्या मुलाच्या शाळेत अनोळखी अठरा माणसे शिरून त्याच्या तोंडातील घासासह त्याची छबी टिपून गावभर वाटू लागली, तर आपण स्फूर्ती घेऊ की पोलिसांत जाऊ?

चौथा आक्षेप खास आपल्या वर्गाचा : आम्ही पडलो सरकारी नोकर, नियम आड येतात. वाचकहो, हा आक्षेप ऐकून आम्ही नियमपुस्तक उघडले, आणि आम्हांला मोठी मौज वाटली. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील बारावा नियम असा की, पूर्वमंजुरीवाचून शासकीय कर्मचाऱ्याने वर्गणी मागू नये, निधी जमवू नये. आणि पंधरावा नियम असा की, सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम त्याने पूर्वमंजुरीवाचूनही करावे. शासनाने थांबावयास सांगितले तर मात्र थांबावे. म्हणजे ज्या कामात पावतीपुस्तक व हार आहेत त्यास परवानगी लागते. ज्या कामात उवांची फणी आहे त्यास लागत नाही! नियम करणाऱ्यांनी मनुष्यस्वभाव पुरता ओळखला होता असे म्हणावे लागेल. शिवाय १९८५ पासून केंद्राच्या प्रशासकीय कार्यालयांस पाच दिवसांचा आठवडा आहे. वर्षाची तीस दिवस अर्जित रजा खात्यावर जमते आणि निवृत्तीपर्यंत तीनशे दिवस साठवून आपण ती रोखीत बदलून घेतो. वेळ नाही, हे कारण निदान आपण तरी सांगू नये.

मग करावे काय? आमच्या आधीच्या पिढ्यांनी काय केले, ते आठवावे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. त्यानंतर फर्ग्युसन कॉलेजातील तास आटोपून ते रोज हिंगण्याची वाट पायी तुडवीत. 'रोज' हा शब्द येथे महत्त्वाचा. एकट्याच्या पायांवर संस्था टिकत नाही हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापिला, तो कार्यकर्त्यांचे सातत्य राहावे म्हणून. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साह्यकारी मंडळी काढली. तिलाही लोक 'मिशन'च म्हणत, आणि त्या मिशनाच्या कामात त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी स्वतःस वाहून घेतले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी स्वतः रांधले, आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे सोने मोडले. आम्ही ज्या भिल मुलखात गेलो, त्याच्या शिवेवर दाहोद आहे. तेथे १९२२ साली भिल सेवा मंडळ स्थापणारे ठक्करबाप्पा पुण्यात शिकलेले अभियंते व मुंबई नगरपालिकेचे नोकर होते. १९१४ मध्ये ती नोकरी सोडून ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. यांपैकी कोणीही वसतिगृहास 'भेट' दिली नाही. ते तेथे हजर राहिले.

आम्ही कोणास नोकरी सोडावयास सांगत नाही. आम्हीही सोडलेली नाही. आम्हांला इतकेच म्हणावयाचे आहे की, कर्व्यांजवळ जे तप होते ते आपल्याजवळ नसेल; परंतु आपल्याजवळ एक विद्या आहे, आणि तिची थट्टा ऐकून ऐकून आपणही तिला कमी लेखू लागलो आहोत. ती विद्या म्हणजे चार्ज देण्याघेण्याची. खुर्चीवरचा माणूस बदलतो, पण काम थांबत नाही. कारण जाणारा येणाऱ्यास लिहून देतो की अमुक फाइल येथवर आली आहे, अमुक पत्राचे उत्तर बाकी आहे, अमुक तारखेस स्मरणपत्र जावयाचे आहे. माणसे बदलती असूनही व्यवस्था टिकावी, यासाठी मानवाने काढलेली ही युक्ती आहे. आपण ती एका कपाटाच्या किल्लीसाठी वापरतो आणि जिवंत मुलासाठी वापरीत नाही.

म्हणून आम्ही एक चार्जची वही सुरू केली. महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार आमचा. चौघांपैकी दोघांनी जावयाचेच. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर बस, रविवारी रात्री परत. आदल्या पाळीची पाने वाचल्याखेरीज कोणी मुलांत जावयाचे नाही. कोणाचा दाखला अडला आहे, कोणाचे औषध संपत आले आहे, कोणास भागाकार येत नाही, कोणाच्या आईबापांचा सुरतेहून फोन आला नाही, हे सारे त्यात तारखेसह लिहावयाचे. एकट्याने कोणत्याही मुलाशी दाराआड बसावयाचे नाही, खाऊ नेला तर काकीच्या हवाली करावयाचा, छायाचित्र नाही. आणि 'पुन्हा येईन' असे म्हणावयाचे नाही, तारीख सांगावयाची. आमच्यापैकी एकाची बदली जबलपुरास झाली, तेव्हा त्याने आपली जागा घेणाऱ्यास दोन पाळ्या बरोबर नेले, प्रत्येक मुलाच्या नावाने त्याची ओळख करून दिली, आणि मुलांस आपण का व कोठे जात आहोत ते नकाशावर दाखविले. मुले रडली. रडावयास निरोपाचा एक दिवस तरी त्यांना मिळाला. त्या सहा वर्षांच्या मुलीस तो मिळाला नव्हता.

आमच्या या प्रयत्नाने फार मोठे काही घडले आहे, असा आमचा दावा नाही. तीन नावांच्या त्या मुलाची शिष्यवृत्ती सुटली. सिकलसेल असलेल्या मुलाचे कोमट पाणी चुकत नाही. आणि खरूज गेल्या पावसाळ्यात एकदाच आली. बस्स, इतकेच. अहवालात घालण्याजोगे यात काही नाही.

राहिली मंडळाची गोष्ट. यंदाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही लेखी सूचना ठेवीत आहोत : बालवसतिगृहाची वार्षिक भेट बंद करावी, तिचा खर्च स्वयंपाकिणीच्या पगाराकडे वळवावा, आणि निदान एक वर्ष नेमाने पाळी सांभाळण्यास तयार असलेल्या सहा सभासदांची नावे मागवावीत. सहा मिळाली नाहीत तर तीन चालतील. तीनही मिळाली नाहीत, तर कृपा करून कोणीच जाऊ नये; मुलांना त्यांचा रविवार खेळावयास मोकळा मिळू द्यावा. तीही सेवाच होईल.

गेल्या पाळीहून आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी फाटकाशी होती. आता ती आठ वर्षांची आहे, आणि कोणाचेही बोलणे सहसा खरे मानीत नाही. तिने विचारले, "फिर कब आओगे?" आम्ही तारीख सांगितली. ती आत गेली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तारीख शोधून तिच्याभोवती तिने पेन्सिलीने गोल केला, आणि आमच्याकडे वळूनही न पाहता खेळावयास निघून गेली.